अकरा नंबरच्या नावावर

९ मे १९९२

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मे महिन्यात इथं आमची नुसती लगीनघाई असते. जूनच्या शेवटी ड्राफ्ट. देशभरच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी पोरं सत्तावीस व्यावसायिक बास्केटबॉल संघ आळीपाळीनं उचलणार, आणि यंदा आमच्या संघाची पाळी नववी. तो नववा पोरगा कोण, यावरून ऑफिसात माणसं एकमेकांचे गळे धरायची तेवढी बाकी राहिलीत.

आई अजून चर्चमधल्या बायकांना सांगते की लेनी तिकडं सामन्यांची तिकिटं विकते. तिला हे पत्र वाचून दाखव. मी तिकिटं विकत नाही. गेल्या वीस वर्षांतली ड्राफ्टची सगळी पोरं मी मांडून ठेवलीयत. कॉलेजात कुणी काय केलं आणि पुढं व्यावसायिक संघात त्याचं काय झालं. त्यावरून नव्या पोराचं भाकीत करायचं. बड हॅलोरन म्हणून आमचा एक जुना पारखी आहे, गावोगाव हिंडून पोरं बघतो. तो मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणतो. परवा म्हणाला, "बाई, मी डोळ्यांनी बघतो." मी म्हटलं, बघ बाबा, पण डोळे दमतात, कागद दमत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या कागदानं ठामपणे सांगितलीय. कॉलेजातल्या सामन्यांतले गुण फसवतात. बुटक्यांत उंच पोरगा ढीगभर बास्केट करतो आणि इथं आला की त्याच्याहून उंच चौघं त्याच्या डोक्यावर उभे. असिस्टचं तसं नाही. ज्याच्या पासवर सरळ बास्केट झाली, त्याच्या नावावर असिस्ट लागतो. ज्याला मोकळा गडी दिसतो, त्याला तो इथंही दिसतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या केल्सी क्रीक कॉलेजचा कीनन ग्रेव्ह्ज, आपल्या व्हर्लीचा मुलगा, जर्सी अकरा नंबर. घरच्या मैदानावर सामन्याला साडेअकरा असिस्ट. बाहेरगावी साडेपाच. एवढी तफावत मी आजवर कुणाचीच बघितली नाही. घरी स्कोअरच्या टेबलावर तू लिहितोस, बाहेर त्या त्या गावचे लोक लिहितात. यातलं खरं कोणतं धरू? मामा, हा नुसता गप्पांचा प्रश्न नाही. साडेपाच धरले तर कीनन आम्हाला चाळिसावा घ्यायचा पोरगा. साडेअकरा धरले तर नववा, आणि तोही डोळे मिटून. मला स्कोअरशीट वाचायला तूच शिकवलंस, तेव्हा तू सांगशील ते मी मानणार.

हॉबर्टकाकांना म्हणावं, टेबलावर शेजारी बसून अजून तसंच कानात ओरडता ना मामाच्या? आणि तुझ्या अक्षराला काय झालंय रे? एका पानात चार ओळी, त्याही डोंगर चढल्यासारख्या. कोंबडीचे पाय बरे.

तुझी,
लेनी

---

१८ मे १९९२
केल्सी क्रीक, केंटकी

लेनी पोरी,

तुझं पत्र तुझ्या आईनं वाचून दाखवलं, म्हणजे मीच तिला दाखवलं. आता तिकिटांचं बोलायची नाही. पण कॉम्प्युटरवर तू नक्की काय करतेस हे तिला समजलं नाही ते नाहीच.

अक्षराचं म्हणशील तर सत्तराव्या वर्षी माणसानं अक्षर काढून कुणाला दाखवायचंय?

आता कीननचं. बाहेरगावचे लोक हात आखडता घेतात, हे तुला मी सांगायला हवं? त्यांच्या टेबलावर कॉलेजातली पोरं बसतात लाह्या खात. पास कुणी दिला हे बघेपर्यंत बॉल दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. आणि पाहुण्या पोराच्या नावावर असिस्ट लावायचं त्यांच्या जिवावर येतं. मी त्या टेबलावर एकतीस वर्षं बसतोय. हॉबर्ट शेजारी बसून सांगतो, मी लिहितो, जसं चाललं होतं तसंच चाललंय. घरचा कागद धर. खुशाल धर.

पोरगा सोन्यासारखा आहे. व्हर्ली कॉलेजच्या स्वैपाकघरात अजून बिस्किटं भाजते. सामना असला की एप्रन तसाच लावून दारात उभी राहते, आत येऊन बसत नाही. मी म्हटलं, अगं बस की. म्हणाली, "बसले की माझे पाय थरथरतात." या माऊलीचं भलं व्हावं असं सगळ्या गावाला वाटतं, मलाही वाटतं.

तुला लिहायला बसलं की वेळ लागतो हल्ली. सांभाळून राहा.

मामा

---

२७ जून १९९२

मामा,

घेतला! कीनन ग्रेव्ह्ज, नववा! तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल, पण आतली गोष्ट मलाच माहीत.

शेवटच्या बैठकीत आम्ही सहाजण. आमचे मोठे साहेब, रुडिक, टेबलाच्या टोकाला. बडनं त्याचा कागद वाचला: "चांगला पोरगा. पाय सुरेख चालतात, मनानं सरळ. पण मोकळा गडी त्याला क्षणभर उशिरा दिसतो. चाळिसाव्या पाळीला मिळाला तर मी स्वतः जाऊन घेऊन येईन. नवव्याला घेतलात तर पोराचं वाटोळं कराल."

मग माझी पाळी. मी बाहेरगावचे आकडे सरळ फेकून दिले, मामा. सांगितलं की ते विश्वासाचे नाहीत, हात आखडून लिहिलेत. घरचे तुझे आकडे ठेवले. बड हसला. "म्हणजे मी चुकीचं बघितलं?" मी म्हटलं, "बड, तू तीन सामने बघितलेस. माझ्या मामानं चार वर्षांत त्याचा घरचा एकूणएक सामना बघितलाय, टेबलावरून, हातात पेन्सिल घेऊन." रुडिकसाहेब म्हणाले, "मिस टॅकेट, तुमची नोकरी यावर लावता?" मी म्हटलं, लावते.

मी बाहेर आले. बड मागून आला. मला वाटलं टोमणा मारणार. पण तो एवढंच म्हणाला, "तुझं खरं ठरो, कॉम्प्युटरवाली. त्या पोरासाठी म्हणतोय." त्या बोलण्यानं मला उगाच बेचैन केलं. पण तुझा कागद आहे म्हटल्यावर मला काळजी करायचं कारण नाही, हो ना?

व्हर्लीला माझ्याकडून घट्ट मिठी.

लेनी

---

६ जुलै १९९२
केल्सी क्रीक

लेनी,

गावानं कीननला आग विझवायच्या बंबावर बसवून मिरवलं. व्हर्ली पांढरी हॅट घालून पुढं बसली होती म्हणे. लोकांनी मला भाषण करायचा आग्रह केला. मी नाही केलं. घसा बसलाय म्हणून घरी आलो.

एक मागणं आहे. पहिल्या वर्षी पोरावर फार भार टाकू नका. आमचं कॉलेज लहान, तुमचा दर्या मोठा. आणि माझे आकडे एवढे देववाणीसारखे धरू नकोस तू. मी म्हातारा माणूस. एखाददुसरा इकडंतिकडं झालाही असेल. तुम्ही लोकांनी आणखी चार ठिकाणी बघून घ्यायला हवं होतं. घेतलंच असेल म्हणा.

यापेक्षा जास्त आज लिहवत नाही.

मामा

---

१२ डिसेंबर १९९२

प्रिय मामा,

जुलैत तुझं ते 'एखाददुसरा इकडंतिकडं' वाचून मी हसले होते. म्हटलं, बघा माझा मामा किती विनयाचा पुतळा. आज हसू येत नाही.

कीननचं काही खरं नाही. वीस सामने झाले. सामन्याला दोन असिस्ट. त्याच्या हातात बॉल आला की आमचेच प्रेक्षक हुर्यो करतात. परवा एकानं मोठ्या कागदावर '९' लिहून तो उलटा धरला होता, नववी पाळी उलटी पडली म्हणून, आणि आजूबाजूचे टाळ्या पिटत होते. पहिल्यांदा तो सगळ्यांशी हसायचा. आता टॉवेल डोक्यावर ओढून बाकाच्या शेवटच्या टोकाला बसतो. किती वाळलाय म्हणून सांगू. व्हर्लीला यातलं काही सांगू नकोस.

मंगळवारी तो माझ्या खोलीकडं आला. दारात उभं राहून म्हणाला, "मॅडम, तुमच्या कागदात मी पुढं कसा आहे?" मी त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि सांगितलं की माझ्या कागदाप्रमाणे तिसऱ्या वर्षी तू देशातल्या पहिल्या दहा पास देणाऱ्यांत असशील. धीर धर. त्यानं मान हलवली. म्हणाला, "मग माझंच काहीतरी चुकतंय." आणि गेला. कॉफी तशीच.

मी सगळ्यांशी भांडतेय. कोच त्याला चुकला की लगेच बाहेर बसवतो, मग कसा जम बसणार? घरची आठवण येत असेल. इथली थंडी. कारणं मी रोज नवी शोधते, आणि बड मला काही बोलत नाही, हे तर त्याहून वाईट. नेहमी टोमणे मारणारा माणूस माझ्यासाठी दार उघडून धरतो.

मामा, त्याला एक पत्र लिही ना. गावी त्याला तुझा फार आधार वाटायचा, त्यानंच सांगितलं मला. दोन ओळी लिही की, पोरा, मी बघितलंय तू काय करू शकतोस ते. तुझं ऐकेल तो.

लेनी

---

४ जानेवारी १९९३

मामा,

तू कीननला लिहिलं नाहीस. मलाही नाही. नाताळला फोन केला तर आईनं सांगितलं, तू झोपलायस. दुपारी दोनला.

आज मला एक नाताळचं कार्ड आलं. फ्लोरिडाहून. हॉबर्टकाका आणि एडीकाकूंचं. 'लेकीकडं राहायला येऊन दोन वर्षं झाली, गुडघ्यांना इथलं ऊन मानवतं, तुझ्या ऑर्विलमामाच्या टेबलाची मात्र फार आठवण येते.' दोन वर्षं! आणि मेमध्ये तू मला लिहिलंस की हॉबर्ट शेजारी बसून सांगतो. ते पत्र माझ्यासमोर आहे. मी ते चारदा वाचलं.

मग मी दुसरी गोष्ट सांगते, जी कार्ड यायच्या आधीच सुरू केली होती आणि तुझ्यापासून लपवली होती. तुमचा कोच प्रत्येक घरचा सामना वरच्या सज्जातून व्हिडिओवर घेतो. मी गेल्या हंगामाच्या चौदा टेपा मागवल्या. प्रत्येक बास्केटला थांबवून, मागं नेऊन, पास कुणी दिला ते बघितलं. तुझ्या कागदावर कीननचे असिस्ट एकशे एकसष्ट. मला सापडले ब्याऐंशी.

उरलेले बहुतेक चाळीस नंबरची जर्सी घालणाऱ्याचे आहेत. तो उंच, जाडसर, हळू चालणारा पोरगा, गार्लंड स्पायव्ही. कीनन त्याला बॉल देतो, तो मधोमध पाठ करून उभा राहतो, आणि तिथून खांद्यावरून असा अलगद मोकळ्या गड्याला देतो की मी टेप पुन्हा पुन्हा लावून बघितली. टेपवर त्याचे एकाहत्तर. तुझ्या कागदावर नऊ.

तू एक जरी असिस्ट उगाच लावलास तर मी पेन्सिल मोडून टाकीन, असं मला नऊ वर्षांची असताना दम देणारा माणूस तूच ना? का केलंस? व्हर्लीसाठी? कॉलेजच्या नावासाठी? मला खरं हवंय. गोड गोड नको.

लेनी

---

१५ जानेवारी १९९३
केल्सी क्रीक

लेनी,

हे पत्र तुझी आई लिहून घेतेय. मी बोलतो, ती लिहिते, आणि मधेच रडते. पण तिला मी सांगितलंय की जसं बोलतो तसंच लिही.

कुणासाठी केलं नाही. मला दिसत नाही.

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आहे, दोन्हीकडं. बाजूचं दिसतं, दार, खिडकी, कुणी आलं गेलं. जिथं नजर लावावी तिथंच धुकं. डॉक्टर म्हणाला, याला ऑपरेशन नाही. हे तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. हॉबर्ट होता तोवर चाललं. तो सांगायचा, मी लिहायचो, कुणाला पत्ता नव्हता. तो गेला तेव्हा मी उठायला हवं होतं. उठलो नाही. तुझी मामी गेल्यापासून नोव्हेंबर ते मार्च ते टेबल हेच माझं घर. सामन्याच्या दिवशी माणसं मला नावानं हाक मारतात, जागा पुसून देतात. बाकीचे दिवस मी या खुर्चीत बसून रेडिओ ऐकतो.

बास्केट झाली हे कळायचं, आरडाओरडा व्हायचा. कुणी केली ते ध्वनिक्षेपकावर सांगतात. पास कुणी दिला ते कुणी सांगत नाही. ते मीच ठरवायचं. बॉल कीननकडं होता एवढं मला दिसलेलं असायचं. मग तो मधल्या धुक्यात जायचा आणि बास्केट व्हायची. मी म्हणायचो, कीननचाच असणार. आणखी कोण देणार? आणि अकरा नंबरपुढं रेघ मारायचो. गार्लंड त्या धुक्यात उभा असायचा, पोरी. तो मला कधी दिसलाच नाही.

पहिल्या सामन्याला मनात चर्र झालं. दहाव्याला काही वाटेनासं झालं. कोचनं एकदा विचारलं, "ऑर्विल, एवढे झाले?" मी म्हटलं, मोजून घे. तो हसला. मोठे आकडे कुणाला नको असतात?

तू मेमध्ये सरळ विचारलंस. त्या दिवशी मी तीन पत्रं लिहिली, तिन्हीत खरं लिहिलं, आणि तिन्ही फाडली. एकतीस वर्षांची पत बुडेल म्हणून नाही. तू त्या टेबलावर माझ्या मांडीला मांडी लावून शिकलीस आणि आज एवढी मोठी झालीस. तुझ्यासमोर आंधळा व्हायची मला लाज वाटली. बस, एवढंच कारण. हॉबर्टचं खोटं त्यासाठीच बोललो. मला वाटलं, इतके शिकलेले लोक आहेत, माझ्या एका कागदावर थोडंच घेणार आहेत पोराला?

कीननला काय लिहू? 'मी बघितलंय तू काय करतोस ते'? मी काही बघितलेलं नाही, हे कसं लिहू?

गार्लंड आता घरोघरी गॅसच्या टाक्या भरणारी गाडी चालवतो. माझ्याकडंही तोच येतो. "सर, आत येऊ नका, चिखल आहे," म्हणतो आणि सगळं स्वतः करतो. मागच्या वेळी मी त्याला थांबवून सांगायला तोंड उघडलं आणि हवेबद्दल बोललो.

मी सोमवारी कॉलेजात जाऊन टेबल सोडलं. का सोडलं तेही सांगितलं. तू तुझ्या साहेबांना माझं नाव घेऊन सांग. तुझी नोकरी वाचव. पोराला वाचवता आलं तर बघ. माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर नको बोलूस.

मामा

---

२ मार्च १९९३

मामा,

सहा आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलायला गेले असते तर ओरडले असते. रात्रंदिवस संताप येत होता. मग आईनं सांगितलं की तू पत्रपेटीपर्यंत भिंतीला हात लावत जातोस आणि रिकामा परत येतोस. त्यावर मी दार लावून रडले. एप्रिलमध्ये मी येतेय. लुईव्हिलला दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं आहे, आणि यात तुझं काही ऐकून घेणार नाही. माफ केलंय का ते विचारू नकोस. मलाच अजून कळत नाही.

आणि तू एकट्यानं सगळं डोक्यावर घेऊ नकोस. तू चुकीचं लिहिलंस, पण बाहेरगावचे साडेपाच मी माझ्या हातानं फेकले. वीस वर्षांच्या कागदात मी कुठल्याही पोराचे बाहेरचे आकडे फेकले नव्हते. फक्त याचे, कारण घरचे तुझे होते. दुसऱ्या कुणाचा मामा असता तर मी त्याला दारात उभाही केला नसता. बडला जे तीन सामन्यांत दिसलं ते मला दिसू नये म्हणून मी तुला मध्ये उभा केला.

रुडिकसाहेबांना सगळं सांगितलं. टेपा, आकडे, तुझं नाव. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता कशाला? बाकीच्या सव्वीस संघांना सांगायचं का, की आम्ही नववी पाळी एका आंधळ्या माणसाच्या कागदावर घालवली? पोराला या शुक्रवारी संघातून सोडतोय. तुम्ही गप्प बसा, तुमची खुर्ची तुमच्याकडं राहील." मी विचारलं, त्याला कारण काय सांगणार? म्हणाले, "कारण काय द्यायचंय? अपेक्षेला उतरला नाही."

ती अपेक्षा कुणाची होती, मामा? त्याची नव्हतीच.

मी बाहेर आले आणि बडला सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "साहेब गेला खड्ड्यात. पोराला तू सांगितलंच पाहिजेस. आणि त्याचे खरे आकडे मला लिहून दे, माझे चार मित्र आहेत दुसऱ्या संघांत." मी ते आकडे त्याला दिले, सहीसकट. खुर्ची राहते की जाते ते या महिन्यात कळेल. आता मला त्याची फारशी फिकीर नाही.

कीनन दुपारी सरावाच्या हॉलमध्ये एकटाच होता. बाकीचे जेवायला गेले होते. मी त्याच्याजवळ बाकावर बसले आणि सगळं सांगितलं, तुझ्या डोळ्यांपासून. मला वाटलं चिडेल. त्याला चिडायचा हक्क होता. तो बॉल मांडीवर धरून ऐकत राहिला.

मग म्हणाला, "मॅडम, सामना संपला की मी रोज सरांच्या टेबलाशी जाऊन कागद बघायचो. मला वाटायचं, एवढे कुठं दिले मी? पण स्टॅम्पर सरांनी लिहिलंय म्हणजे दिले असतील. माझ्याच लक्षात राहत नसेल. इथं आल्यावर दोनच व्हायला लागले, तेव्हा मला वाटलं मी बिघडलो. आधी यायचं ते येईनासं झालं. मी टीमच्या डॉक्टरकडं तीनदा जाऊन आलोय. डोकं तपासा म्हटलं, डोळे तपासा म्हटलं."

मी म्हटलं, "तू बिघडला नाहीस. होतास तसाच आहेस."

"नक्की?"

"टेपा मी बघितल्यात. नक्की."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला त्याच्याकडं बघवेना. नंतर त्यानं तुझी चौकशी केली. सरांना जेवण करून कोण देतं, असं विचारलं. मी सांगितलं, आई देते. गार्लंडचं ऐकल्यावर तो पहिल्यांदा हसला. "मला माहीत होतं, तो भारी आहे. मी त्याला म्हणायचो, तुझं नाव का येत नाही रे कागदावर? तो म्हणायचा, जाऊ दे."

मग त्यानं विचारलं, "खरे आकडे घातले तर तुमचा कागद माझ्याबद्दल काय सांगतो?"

मी ते काढून ठेवलं होतं. खोटं बोलायची आता माझी ताकद नव्हती, आणि गोड बोलायची इच्छा नव्हती. मी सांगितलं: दुसऱ्या फेरीत चाळिसाव्याच्या आसपास कुणीतरी घेतलं असतं. पहिली दोन वर्षं बाकावर. कुणी लक्ष दिलं नसतं, कुणी हुर्यो केली नसती. तिसऱ्या वर्षापासून रोज पंधरा मिनिटं खेळला असतास, मुख्य खेळाडूला विश्रांती देणारा दुसरा गडी म्हणून. फार नाव नाही. पण असे पोरगे आठ-दहा वर्षं टिकतात.

"दहा वर्षं?"

"आठ तरी."

तो बॉलवरून हात फिरवत राहिला. बाहेर कुणीतरी जेवून परत येत असल्याचा आवाज आला तेव्हा उठला. पण तो थांबला, आणि अगदी शांतपणे, माझ्यावर जराही राग न धरता म्हणाला,

"तेवढं मला पुरलं असतं, मॅडम."

लेनी